तुरटी मंदावली तेव्हा

घड्याळमास्तरांनी उभ्या आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नाही आणि कधी कुणाचं घड्याळही दुरुस्त केलं नाही. तरी अख्खं रेसकोर्स त्यांना घड्याळमास्तर म्हणायचं. काम काय, तर सकाळी घोड्यांचा सराव चालतो तेव्हा निकालाच्या खांबासमोरच्या लाकडी मचाणावर उभं राहायचं, डोळ्याला दुर्बीण लावायची, उजव्या अंगठ्याखाली स्टॉपवॉच धरायचं आणि कुठला घोडा किती वेगात पळाला ते सांगायचं. त्यांनी सांगितलेलं टायमिंग रेसच्या पुस्तकात छापून यायचं आणि ते पुस्तक काखोटीला मारून माणसं रेसला यायची. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, बटण तर दाबायचं! हे मास्तरांसमोर म्हणून बघायला हवं होतं. आठवडाभर तुमच्याशी बोलले नसते.

अहो, घोडा काय नुसता पळतो? त्याला पळवणारे इरसाल असतात. मोठी रेस जवळ आली की कुठला ट्रेनर आपल्या घोड्याचा खरा वेग जगाला दाखवेल? कुणी जड खोगीर चढवतं, कुणी स्वाराला लगाम आखडून धरायला सांगतं, कुणी घोडा कठड्यापासून लांबून काढतं, म्हणजे अंतर वाढतं आणि घोडा सुस्त वाटतो. मास्तर मचाणावरून हे सगळं ओळखायचे. घोडा आपल्या मर्जीने पळतोय की मारूनमुटकून, कान पुढे आहेत की मागे पडलेत, पळून आल्यावर नाकपुड्या किती वेळ भात्यासारख्या हलतात, घाम मानेवर आलाय की मांड्यांमध्ये. त्यांनी एकदा "हा घोडा तयार आहे" म्हटलं की म्हटलं. समोरचा कितीही टणाटणा उडो, मास्तर शब्द मागे घ्यायचे नाहीत. जरा आढ्यताच होती म्हणा ना! पण ती शोभायची त्यांना.

तर अशा या माणसाचं त्या मोसमात डोकं चालेनासं झालं.

झालं काय, की सगळेच घोडे पळायला लागले. म्हणजे पळतातच ते, पण हे भलतंच. मोसमाच्या सुरुवातीलाच एक साधा, मधल्या फळीतला घोडा पळाला आणि घड्याळाने असं टायमिंग दाखवलं की मास्तरांना वाटलं, बटण उशिरा दाबलं असेल. मग दुसरा पळाला, तो त्याच्याही वरताण. डांबर नावाचा काळाकुळकुळीत घोडा तर असा आला की पुस्तकाच्या संपादकाने फोनवर विचारलं, "मास्तर, घोडाच होता ना? का कुणी मोटारसायकल काढली होती?"

"मी सांगतो ते छापा," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. पण ठेवल्यावर बराच वेळ फोनकडेच बघत बसले.

पहिला संशय घड्याळावर. ते घेऊन मास्तर घड्याळवाल्याच्या टीचभर दुकानात गेले. त्याने डोळ्यात भिंग अडकवून घड्याळ उघडलं, फुंकर मारली, आपल्या घड्याळाशेजारी ठेवून चालवून बघितलं आणि परत केलं. "मास्तर, हे तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे." मास्तरांचं समाधान होईना. त्यांनी नवं, आकडे दाखवणारं घड्याळ आणलं. त्यानेही तेच सांगितलं.

दुसरा संशय मैदानावर. घोडा पार पलीकडच्या खांबापाशी आला की घड्याळ सुरू करायचं आणि निकालाच्या खांबापाशी बंद करायचं, ही पद्धत. म्हणजे कुणीतरी पलीकडचा खांब अलीकडे आणला असणार! मास्तर तरातरा मैदान ओलांडून माळ्याकडे गेले.

"खांब कुणी हलवला?"

माळी पाइपाने पाणी मारत होता. तो म्हणाला, "मास्तर, खांब म्हणजे काय खुर्ची आहे, पुढे ओढून बसायला?"

तरी मास्तरांनी टेप मागवला, स्वतः ओल्या गवतात गुडघे टेकले आणि माळ्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावून अंतर मोजत गेले. खांब होता तिथेच होता. पँटीचे गुडघे मात्र हिरवे झाले आणि घरी गेल्यावर बायकोने त्यावरून जे ऐकवलं ते वेगळंच.

मग ट्रेनर लोकांना विचारून झालं, "काय हो, खायला काय घालताय घोड्यांना?" ट्रेनर आपले गालातल्या गालात हसायचे. मास्तरांनी आपला घोडा वेगवान ठरवला म्हणून तक्रार करायला कुठला ट्रेनर येतो? प्रत्येकाला वाटायचं, आपण काय घोडा तयार केलाय! आणि मास्तर घरी येऊन दुर्बिणीच्या काचा शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे. सकाळी धुकं फार असतं हल्ली, असं आपलं म्हणायचे. बायको म्हणायची, "एकदा डोळे दाखवून या." की मास्तर उसळलेच! "घड्याळमास्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला हे कळलं ना, तर दुसऱ्या दिवशी मला कुत्रं विचारणार नाही. आणि मला अक्षर न् अक्षर वाचता येतं!" ते खरंही होतं. पेपर ते चष्मा लावून कोपऱ्यातल्या जाहिरातींसकट वाचायचे.

सगळे घोडे सुधारले असते तरी एक वेळ मास्तरांनी मनाची समजूत घातली असती. पण एक घोडी सुधारली नव्हती. उलट मंदावली होती. आणि ती नेमकी वहिनींची तुरटी होती.

वहिनी म्हणजे मास्तरांच्या जिवलग मित्राची बायको. मित्र ट्रेनर होता, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्यामागे वहिनींनी तबेला चालवायला घेतला तेव्हा लोकांनी तोंडावर कौतुक केलं आणि मागच्या दाराने आपापले घोडे काढून दुसरीकडे नेले. मोठ्या रेसमध्ये उतरवावी अशी एकच घोडी उरली, ती तुरटी. तिला वहिनींच्या नवऱ्याने शिंगरू असताना आणली होती. तेव्हा ती कोळशाच्या राखेसारखी काळपट होती. अशा घोड्यांचा रंग वर्षागणिक उतरत जातो, माणसाचे केस पिकतात तसा. गेल्या वर्षी ती लोखंडी रंगाची होती आणि तुफान पळाली होती. या वर्षी जवळजवळ पांढरी झाली, आणि मास्तरांच्या घड्याळात तिचा वेगही उतरला.

मास्तर मचाणावरून उतरून मुद्दाम तिला जवळून बघायला जायचे. आणि तिथे दुसराच घोळ. तुरटी पळून यायची आणि मोतद्दाराने दोन फेऱ्या चालवली की श्वास लागलीच जागेवर. कान पुढे. कातडीवर चकाकी अशी की हात फिरवावासा वाटावा. मास्तरांच्या खिशातला रुमाल दातांनी ओढून काढायची खोड तिला होतीच, ती अजून शाबूत होती. मंदावलेली घोडी अशी नसते. मंदावलेली घोडी पळून आली की मान खाली घालते, जगाकडे बघत नाही. मग खरं कोण बोलत होतं, घोडी का घड्याळ? मास्तर रुमाल तिच्या दातांतून सोडवून घ्यायचे आणि डोकं खाजवत घरी जायचे.

मोठ्या रेसला दोन आठवडे असताना वहिनींनी त्यांना तबेल्याच्या खोलीत बसवलं. भिंतीवर खोगिरं, लगाम, मित्राची जुनी टोपी. वहिनींनी चहा ठेवला आणि सरळ विषयालाच हात घातला.

"भावोजी, एक हॉटेलवाला मागे लागलाय. त्याला दारातल्या बग्गीला पांढरी घोडी हवी आहे, पाहुण्यांना फिरवायला. माणूस वाईट नाही. पण आत्ताच दिली तर घेईल म्हणतो. रेसमध्ये शेवटची आली तर तोही तोंड फिरवेल. पुढच्या रविवारी सकाळी न्यायला येतोय, आणि रेसमध्ये नाव ठेवायचं की काढायचं तेही त्याच दिवशी सांगायचंय. तुम्ही म्हणाल ते."

मास्तरांनी टोपीकडे बघितलं. हो म्हणावं तर मित्राची घोडी बग्गीला जाणार. नाही म्हणावं तर कशाच्या जोरावर? रुमाल ओढण्याच्या?

"घड्याळ सांगतंय वहिनी, मंदावली ती," ते म्हणाले. मी सांगतो असं ते म्हणाले नाहीत, हे त्यांचं त्यांनाच खटकलं.

वहिनींनी नुसती मान हलवली आणि चहा ओतायला वळल्या. कप भरून बशी भरली, बशी भरून टेबलावर चहा पसरला तरी त्या ओततच होत्या. मास्तरांनी किटली त्यांच्या हातातून काढून घेतली.

पुढचा आठवडा मास्तरांचा कसा गेला ते त्यांनाच ठाऊक. जेवताना घास हातात धरून बसायचे. बायको म्हणाली, "इतकी वर्षं घोड्यांनी तुमच्या सकाळी पळवल्या, आता जेवणंही पळवायला लागले का?" ती कधी रेसकोर्सवर गेली नव्हती. सवतीच्या घरी कोण जातं, असं म्हणायची.

शनिवारी दुपारची गोष्ट. घरात दोन मांजरी होत्या, बहिणी बहिणी, एक काळी आणि एक पांढरी. स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत एक लांबट, अंधारी वाट होती आणि दुधाची बशी पुढच्या खोलीत, मास्तरांच्या खुर्चीपाशी असायची. बायकोने बशी ठेवली आणि चमच्याने वाजवली. मास्तर आपले सवयीने बघत होते. जे काही हलतं त्याचा वेग बघायचा, हा रोगच होता त्यांना.

"ही पांढरी बघ," ते म्हणाले, "कशी रमतगमत येते, माहेरपणाला आल्यासारखी. आणि काळी बघ! आत्ता नव्हती, आत्ता बशीपाशी! एका झेपेत येते. वाघीण आहे वाघीण."

बायको हसली. "काहीतरीच काय! दोघी बरोबरच निघाल्या स्वयंपाकघरातून. पांढरीच्या शेपटीला लागून काळी चालत होती की सबंध वेळ."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्या डोळ्यांसमोर!"

मास्तरांनी बशीकडे बघितलं. मग म्हणाले, "बशी उचल. पुन्हा आण त्यांना."

"अहो, त्या पितायत दूध!"

"उचल म्हणतो ना!"

बिचाऱ्या मांजरींना पुन्हा स्वयंपाकघरात नेलं, पुन्हा चमचा वाजला. मास्तर खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. पांढरी निघाली, ती त्यांना पहिल्या पावलापासून दिसली. काळी दिसलीच नाही. दिसली ती थेट खिडकीच्या उजेडात, बशीपासून हातभर अंतरावर, जणू जमिनीतून उगवली.

मास्तरांना एकदम पलीकडचा खांब आठवला. पलीकडच्या खांबामागे दाट झाडांची रांग होती. काळा, तांबडा, गडद घोडा त्या झाडांपुढून खांबाशी यायचा तो त्यांना दिसतच नव्हता. तो झाडं सोडून उजेडात आला की दिसायचा, आणि तेव्हा त्यांना वाटायचं, आत्ता खांबाशी आला, दाबा बटण! म्हणजे घोडा खांब ओलांडून केव्हाच पुढे आलेला आणि घड्याळ आत्ता सुरू होतंय. निकालाचा खांब पडला नाकासमोर, तिथे चूक व्हायची नाही. मग सगळे गडद घोडे वेगवान वाटणार नाहीत तर काय! एकटी तुरटी पांढरी. ती झाडांपुढेही लख्ख दिसायची, तिचं घड्याळ वेळेवर सुरू व्हायचं. गेल्या वर्षी ती लोखंडी रंगाची होती, म्हणजे थोडंथोडं गेल्या वर्षीपासूनच हे सुरू असणार. घोडी मंदावली नव्हती. तिचा रंग उतरला होता, आणि मास्तरांचे डोळे.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"माझं सगळं चुकलंय," मास्तर म्हणाले, आणि चपला पायात सरकवून तसेच बाहेर पडले. डावी चप्पल उजव्या पायात गेली होती ते त्यांना तबेल्याच्या दारात कळलं.

वहिनी तुरटीच्या आयाळीला ब्रश करत होत्या. दुसऱ्या दिवशी जाणार म्हणून जरा जास्तच निगुतीने. मास्तरांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मांजरी, झाडं, खांब, सगळं. वहिनींचा हात थांबला. मास्तरांना वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. पण वहिनी भडकल्या.

"भावोजी, आठवडाभर मी हिच्या गळ्यात पडून रडतेय! ह्यांच्या टोपीची माफी मागतेय रोज सकाळी! तुमच्या एका शब्दावर! आणि तुम्हाला दिसतच नव्हतं? मग म्हणालात का नाही, की मला दिसत नाही?"

"मलाच माहीत नव्हतं, वहिनी."

"डोळे तुमचे, आणि तुम्हाला माहीत नव्हतं!"

मास्तरांनी खाली मान घातली. तुरटीने संधी साधून त्यांच्या खिशातला रुमाल काढला.

"बरं," वहिनी ब्रश खाली ठेवत म्हणाल्या, "मग आता सांगा. पळणार का ही त्या डांबरच्या बरोबरीने?"

तुरटीचं टायमिंग खरं होतं, पण डांबरचं किती खोटं होतं? किती उशिरा दिसत होता तो त्यांना? तो खरंच वेगवान असला तर? सगळा मोसम उलटसुलट झाला होता. त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, काहीच कळेना.

"माहीत नाही," ते म्हणाले. हे दोन शब्द त्या मैदानावर त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले.

घरी जाऊन त्यांनी संपादकाला फोन लावला आणि गडद घोड्यांचं सगळं टायमिंग मागे घ्या म्हणून सांगितलं. संपादक ओरडला, "डोकं ठिकाणावर आहे का? लोक मला फाडून खातील!" मास्तर म्हणाले, "माझं नाव सांगा त्यांना." मग ते बायकोकडे वळले. "उद्या सकाळी माझ्याबरोबर येशील? पलीकडच्या खांबापाशी उभं राहायचंय, पांढरा टॉवेल घेऊन. घोड्याचं नाक खांबाशी आलं की टॉवेल खाली करायचा. मला टॉवेल दिसेल."

बायकोने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. सवतीचा विषय तिने काढला नाही. "कुठला टॉवेल नेऊ?" एवढंच विचारलं.

रविवारी सकाळी मैदानावर हा तमाशा बघायला जो तो थांबला. पलीकडे कठड्याला टेकून मास्तरांची बायको, हात उंच, हातात आंघोळीचा टॉवेल. मचाणावर मास्तर. गेटापाशी हॉटेलवाला, नवीकोरी दोरी घेऊन. आणि घड्याळमास्तरांना दिसत नाही ही बातमी तबेल्यातबेल्यातून चहाच्या आधी फिरून आलेली.

पहिला आला डांबर. मास्तर टॉवेलकडे डोळे लावून होते. टॉवेल काही खाली येईना. डांबर वळणावर उजेडात आला, तो मास्तरांना दिसला, तरी टॉवेल आपला वरच! खालून कुणीतरी मोठमोठ्याने हाका मारल्या. मागाहून बायको सांगत होती, "अहो, एवढं मोठं जनावर एवढ्या जवळून! जमीन हलली माझ्या पायाखाली. मी बघतच राहिले. टॉवेलबिवेल कुणाला आठवतोय!"

डांबरचा ट्रेनर जरा चढेल माणूस, पण त्यालाही आपल्या घोड्याचं खरं टायमिंग आता हवंच होतं. आठवडाभर उड्या मारल्यावर त्यालाही शंका यायला लागली होती. घोडा नुसता रमतगमत आला होता आणि दमलेला नव्हता, तेव्हा त्याला थोडा फिरवून त्याने पुन्हा सोडला, या वेळी जोरात. या वेळी टॉवेल खाली आला. मग तुरटी सुटली, पुन्हा टॉवेल खाली आला. मास्तरांनी दोन्ही आकडे बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले. मोटारसायकल वगैरे काही नव्हती. डांबर चांगला घोडा होता, बस. तुरटीहून किंचित सरस. किंचितच.

"जिंकेल असं मी म्हणत नाही," मास्तर वहिनींना म्हणाले. "पण मंदावलेली नाही."

वहिनी हॉटेलवाल्याकडे गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण तो दोरी गुंडाळत गेटाबाहेर पडला.

पुढच्या रविवारी मोठी रेस. मास्तर मचाणावर नव्हते. तिथे संपादकाने दुसरा माणूस उभा केला होता. मास्तर, बायको आणि वहिनी गर्दीत कठड्यापाशी उभे होते. आभाळ भरलेलं, उजेड मळकट. फाटक उघडलं, घोडे सुटले आणि धडधडत पलीकडच्या बाजूला गेले. मास्तरांनी दुर्बीण लावली. झाडांच्या रांगेपुढून तुरटी पळत होती, लख्ख पांढरी. मागे जॉकींच्या रंगीत सदऱ्यांचा एक गोळा. आणि पुढे?

पुढे कुणीच नव्हतं.

"एकटी!" मास्तर ओरडले. "अगं एकटी आहे! पुढे कुणी नाही तिच्या! वहिनी, बघा, बघा तिला!" त्यांनी समोरच्या अनोळखी माणसाची पाठ बडवली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज चिरकला. "मित्रा, बघ रे!" ते टोपीवाल्या मित्राला म्हणाले, जो तिथे नव्हता.

वहिनींनी मास्तरांच्या बायकोकडे बघितलं. तिने वहिनींकडे. सांगू नये असं क्षणभर दोघींनाही वाटलं.

मग बायकोने मास्तरांचा दंड धरला. "अहो," ती हळूच म्हणाली, "दोन आहेत पुढे. काळे. जॉकींचे सदरेही काळपट आहेत."

"कुठे?"

"झाडांच्या सावलीत."

मास्तरांनी दुर्बीण खाली घेतली. चेहरा मार खाल्ल्यासारखा झाला होता. आजूबाजूला सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत होते. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि म्हणाले, "तू सांग."

"मला काय कळतं त्यातलं!"

"दिसतं ते सांग."

"डांबर पुढे आहे. त्याच्या मागे एक काळपट. मग आपली. आता वळतायत. आपली... आपली कान पुढे करून पळतेय."

"कान पुढे?" मास्तरांनी झटकन विचारलं. "नक्की?"

"अगदी! मांजर दुधाला येते तशी!"

"मग येतेय ती. दमलेली नाही. बोल, बोल!"

"तो मधला मागे पडला! पडला मागे! आपली दुसरी! डांबरच्या शेपटीशी... पोटाशी... अहो, मानेशी!"

खांबापाशी उजेड होता. तिथे मास्तरांना दोघं दिसले, एक काळा, एक पांढरी, काळ्याचं डोकं पुढे. ते गेलेच.

"दुसरी," बायको म्हणाली, आणि जिला जन्मभर सवत म्हटलं तिच्यासाठी ढसाढसा रडायला लागली. "एवढंसंच राहिलं हो, एवढंसंच!"

वहिनी कठड्याखालून वाकून केव्हाच पळत सुटल्या होत्या. वाटेत मागे वळून त्यांनी मास्तरांकडे बघितलं, रडत होत्या की हसत होत्या कोण जाणे, आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "मंदावली म्हणे!"

लांबवर मोतद्दार तुरटीला चालवत होता. त्यांना ती दिसत होती, पांढरी, पण नाकपुड्या दिसण्याइतकी नाही. त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून बायकोच्या गळ्यात घातली.

"दम कसा घेतेय ती," ते म्हणाले, "बघून सांग."